प्रीमो लेवी वाचून जर्मन शिकतेय: या शब्दांचं काय करू?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी नर्स आहे. नऊ वर्षं मेडिकल वॉर्डला काढली. जर्मनीत नोकरीचं जमतंय, त्यासाठी भाषेची बी-टू परीक्षा हवी. बी-वन झालीय. बेकरीतून पाव आणणं, रेल्वेचं तिकीट काढणं, घरमालकाला पत्र लिहिणं, हे क्लासच्या पुस्तकातलं सगळं आता तोंडपाठ आहे आणि वाचताना डोळे मिटतात. मॅडम म्हणाल्या, गोष्ट आधीच माहीत आहे असं एखादं सलग पुस्तक धरा, म्हणजे शब्द अडला तरी अर्थ सुटणार नाही. मी प्रीमो लेवींचं 'इस्ट दास आइन मेन्श?' (म्हणजे 'हा माणूस आहे का?') धरलं. इंग्रजीत ते दोनदा वाचलं होतं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: लेवी इटलीतल्या तुरिनचे, ज्यू, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९४३ मध्ये पकडले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये ६५० माणसांच्या गाडीतून ऑशविट्झच्या नाझी छावणीत नेले. त्यातले ९६ पुरुष आणि २९ बायका एवढेच छावण्यांत घेतले. उरलेल्या पाचशेहून जास्त माणसांतलं दोन दिवसांनी कुणीही जिवंत नव्हतं. लेवींच्या हातावर १७४५१७ हा नंबर गोंदला. जानेवारी १९४५ मध्ये सुटले, आणि १९४७ मध्ये हे पुस्तक इटालियनमध्ये छापून आलं.

सवयीप्रमाणे वही केली. शब्द, लिंग, मराठी अर्थ असे तीन रकाने, रोज वीस शब्द. चौथ्या दिवशी त्या वहीकडे बघवेना.

'वारुम' म्हणजे 'का'. क्लासच्या पहिल्या आठवड्यातला शब्द. पुस्तकात तो येतो तो असा: लेवी तहानेने कासावीस झालेत, खिडकीबाहेर लोंबणारा बर्फाचा सुळका हात घालून तोडतात, पहारेकरी तो हिसकावून घेतो. लेवी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारतात, 'वारुम?' तो म्हणतो, इथे 'वारुम' नाही. आता मी क्लासमध्ये तोंड उघडून 'वारुम' म्हणते तेव्हा मला तो सुळका दिसतो.

त्याहून पुढचं. 'प्फ्लेगर' म्हणजे शुश्रूषा करणारा, म्हणजे माझाच पेशा. छावणीच्या दवाखान्याला 'क्रांकेनबाउ' म्हणत, बोलताना नुसतं 'का-बे'. लेवी पाय दुखावून तिथे जातात. तिथला एक प्फ्लेगर त्यांना दुसऱ्या माणसासमोर उभं करतो आणि शरीरशास्त्राच्या तासाला प्रेत दाखवावं तशा फासळ्या दाखवतो, सुजलेले गाल दाखवतो. मग वाकून नडगीवर अंगठा दाबतो आणि मांसात पडलेला खड्डा दाखवतो. वरून सांगतो की हा आता लवकरच भट्टीत जाणार.

नडगीवर अंगठा दाबून सूज बघणं मी दिवसातून दहा वेळा करते. किडनीच्या पेशंटला, हार्टच्या पेशंटला. अंगठा काढायचा, खड्डा किती वेळात भरतो बघायचं, चार्टवर लिहायचं. पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या रात्री राउंडला गेले तेव्हा एका आजोबांच्या पायाला हात लावायच्या आधी नकळत विचारलं, "बघू का हो?" एरवी विचारत नाही.

तिसरी गोष्ट क्लासमधली. संवादाचा सराव होता, मी नर्स आणि समोरचा पेशंट. जेवलात का, हे विचारायचं होतं. माझ्या तोंडून 'एसेन'ऐवजी 'फ्रेसेन'चं रूप गेलं, कारण आठवडाभर डोळ्यांसमोर तेच होतं. मॅडम थबकल्याच. त्यांनी समजावलं तेव्हा कळलं की माणसाच्या खाण्याला 'एसेन' आणि जनावराच्या खाण्याला 'फ्रेसेन'. छावणीत कैद्यांच्या खाण्याला 'फ्रेसेन'च वापरला जाई.

तर विचारायचं हे की अशा पुस्तकातून शब्द शिकावेत का? शिकले तर वहीत कसे ठेवावेत? मला पुस्तक सोडायचं नाहीये.

दुसरी_बाराखडी

रात्रपाळीताई, सोडू नका. मी अठरा वर्षं जर्मन शिकवतोय, आणि इतका नेमका प्रश्न विद्यार्थ्याकडून क्वचित येतो.

आधी वहीचं. तीन रकान्यांची वही बंद करा. वहीची दोन पानं समोरासमोर घ्या. डावं पान 'बोलायचे' शब्दांचं, उजवं पान 'ओळखायचे' शब्दांचं. पाव, चमचा, बूट, बर्फ, पाय, जखम, झोप हे डावीकडे, वाक्यासकट. 'हेफ्टलिंग' (कैदी), 'कापो' (कैद्यांवर नेमलेला कैदी), 'आपेल' (हजेरी), 'फ्रेसेन' हे उजवीकडे, आणि प्रत्येकासमोर कोण कुणाला म्हणालं ते. नुसता अर्थ लिहू नका. 'फ्रेसेन = खाणे' असं लिहिलंत म्हणून क्लासमध्ये ते झालं. मराठीत 'जेवलात का' आणि 'गिळलंस का' या दोन्हींचा कोशातला अर्थ जवळपास सारखाच निघेल, पण सासरच्या माणसाला आपण दुसरा प्रश्न विचारत नाही.

हे खुद्द लेवींच्या बाबतीत झालंय. युद्धानंतर ते रंग आणि वॉर्निशच्या कारखान्यात केमिस्ट होते. बायर या जर्मन कंपनीच्या माणसांबरोबर बैठक संपली तेव्हा 'आता निघूया' म्हणायला त्यांनी जे जर्मन वापरलं, ते साधारण 'चला, कल्टी मारू' या थाटाचं होतं. समोरची सभ्य माणसं चकित झाली. लेवींनी सांगितलं की मी जर्मन शाळेत शिकलो नाही, ऑशविट्झ नावाच्या छावणीत शिकलो. त्यांच्या कानाला तो शब्द साधाच होता, कारण छावणीत त्यांनी दुसरा ऐकलाच नव्हता. ही आठवण त्यांनी १९८६ च्या शेवटच्या निबंधसंग्रहात लिहिलीय.

आता तुमच्या हातातल्या प्रतीविषयी. तुम्ही वाचताय तो हाइन्त्स रीड्ट यांनी केलेला अनुवाद, १९६१ चा. लेवींना आधी भीती होती की जर्मन प्रकाशक मजकुराची धार बोथट करतील. मग कळलं की रीड्ट युद्धात इटलीच्या पार्टिझानांबरोबर, म्हणजे नाझींविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांबरोबर होते. दोघांचा भरपूर पत्रव्यवहार झाला. रीड्टना उत्तम, सुसंस्कृत जर्मन येत होतं, पण छावणीतलं ओबडधोबड जर्मन त्यांनी ऐकलेलं नव्हतं. ते लेवींच्या कानात होतं. म्हणून लेवी एकेका वाक्यावर अडून बसत, तिथे असं बोलत नसत, असं सांगत. त्यांना वाटे की हा अनुवाद नसून, गोष्टी ज्या भाषेत घडल्या त्या भाषेत त्यांना परत नेणं आहे.

म्हणजे तुमच्या हातातल्या पुस्तकात दोन जर्मन आहेत: निवेदनाचं जर्मन आणि आरडाओरड्याचं जर्मन. पहिलं बोलायला शिका. दुसरं ओळखायला शिका.

निमशहरी

माफ करा, पण मला हे पटत नाही. ज्या माणसाने हे भोगलं त्याने ते साक्ष म्हणून लिहिलं. आपण त्यातून नोकरीच्या परीक्षेसाठी शब्द वेचायचे? शब्दसंग्रहाला दुसरी हजार पुस्तकं आहेत. कुणाला दुखवायचा हेतू नाही. वाचताना छातीत धस्स होतं आणि लगेच 'लिंग: पुल्लिंग' लिहायचं, हे मला जमणार नाही.

रात्रपाळी

निमशहरी, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण चौथ्या दिवशी मला हेच वाटलं होतं. पण बाराखडीसरांनी सांगितलेल्या निबंधसंग्रहाचा इंग्रजी अनुवाद शोधून त्यातलं भाषेवरचं प्रकरण काल रात्री वाचलं. त्यातलं थोडं सांगते.

लेवी लिहितात की त्यांच्याबरोबर आलेल्या इटालियन लोकांतले बहुतेक पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच गेले. वरवर बघता भूक, थंडी, थकवा, आजार. पण नीट पाहिलं तर माहिती न मिळाल्यामुळे. हुकूम कळत नव्हता. हुकूम कळला नाही की मार. माउटहाउझेन छावणीत रबरी दंडुक्याला 'दुभाष्या' म्हणत, कारण तो सगळ्यांना कळायचा.

लेवींना रसायनशास्त्राच्या पुस्तकांतून थोडं जर्मन येत होतं. ते पुरेना. म्हणून त्यांनी अल्सासच्या (जर्मन सीमेलगतच्या फ्रेंच प्रांतातल्या) एका सोबत्याला गळ घातली की मला शिकव. दिवे गेल्यानंतर झोप लागेपर्यंत, कुजबुजत, तुकड्या-तुकड्यांत. फी म्हणून पाव, कारण तिथे दुसरं नाणं नव्हतं. कापो काय ओरडतात, बराकीच्या तुळयांवर काय लिहिलंय, छातीवरच्या त्रिकोणांच्या रंगांचा अर्थ काय, हे त्याने सांगितलं. तो पाव सत्कारणी लागला, असं लेवी म्हणतात. दिवसाचा पाव म्हणजे काय ते पुस्तक वाचलेल्यांना सांगायला नको.

आणखी एक. एका बराकीत सूप वाढणारा पोलिश होता आणि नंबर पोलिशमध्ये पुकारायचा. आपला नंबर येताच वाटी पुढे करून तयार असावं लागे. लेवींना पोलिश येत नव्हतं, तेव्हा त्यांनी आपल्या आधीच्या कैद्याच्या नंबराचा आवाज पाठ केला. शेवट 'स्तेरगिशी स्तेरी' असा काहीसा व्हायचा. तो कानावर पडला की पुढचा नंबर आपला. चाळीस वर्षांनंतरही तो आवाज त्यांच्या डोक्यात तसाच होता, आणि त्याचा अर्थ 'चव्वेचाळीस' हे त्यांना फार नंतर कळलं.

हे वाचल्यावर माझ्या वहीची मला लाज वाटेनाशी झाली. शब्द शिकणं ही त्या पुस्तकाबाहेरची गोष्ट नाही. ती त्या पुस्तकाच्या आतच चाललेली आहे.

पानगळ

वाचते आहे. दोन्ही बाजू मनापासून लिहिल्यात.

मला त्या पुस्तकातलं हिवाळ्याचं प्रकरण आठवलं. लेवी म्हणतात की आमच्या भुकेला 'भूक' म्हणणं चूक आहे, कारण एक जेवण चुकल्यावर लागते ती ही नव्हे. भूक, थकवा, भीती, हिवाळा हे स्वतंत्र माणसांनी आपापल्या घरी राहून घडवलेले शब्द. छावण्या आणखी काही काळ टिकल्या असत्या तर एक नवी, कठोर भाषा जन्माला आली असती.

हे वाचून मी मराठीतले भुकेचे शब्द आठवत बसले होते. 'पोटात कावळे ओरडतायत' हे आपण कधी म्हणतो? ताटं मांडलेली असतात, वरणाला फोडणी पडलेली असते, तेव्हा. तो शब्दप्रयोग ज्याला पुढचं जेवण नक्की आहे त्याचा आहे. 'उपास' तर स्वतःहून धरलेला. 'उपासमार' जरा जवळ जातो, त्यात 'मार' आहे म्हणून. पण तोही बाहेरून बघणाऱ्याचा, बातमीतला शब्द. स्वतःच्या पोटाबद्दल 'माझी उपासमार होतेय' असं भुकेला माणूस म्हणत नाही.

रात्रपाळी, तुम्ही 'हुंगर'समोर मराठी रकान्यात काय लिहिलंत?

रात्रपाळी

पानगळताई, 'भूक' लिहिलं होतं. खोडलं नाही, पण समोर पान क्रमांक लिहिलाय.

अश्दोदकर

शालोम आणि नमस्कार. मी इस्राएलात अश्दोदला असतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे, आजी शेवटपर्यंत मराठीच बोलली. आमच्या घराण्यातलं कुणी या छावण्यांत नव्हतं. आमचे पूर्वज तेव्हा कोकणात आणि मुंबईत सुखरूप होते. त्यामुळे हे माझं दुःख म्हणून सांगत नाही, ऐकलेलं सांगतो.

ज्यूंच्या या संहाराला इथे 'होलोकॉस्ट' म्हणत नाहीत, 'शोआ' म्हणतात. शोआ म्हणजे सर्वनाश, अरिष्ट. 'होलोकॉस्ट' मूळ ग्रीक, देवाला पूर्ण जाळून वाहिलेला बळी असा अर्थ. पुष्कळांना तो शब्द सलतो. कुणी कुणाला काही वाहिलं नव्हतं, माणसं मारली होती. लेवींनाही तो आवडत नसे. मराठी वृत्तपत्रांत 'होलोकॉस्ट'च चालतो, त्याला आता इलाज नाही, पण निदान मूळ माहीत असावं.

स्मृतिदिनाला इथे सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो. हमरस्त्यावरच्या गाड्या थांबतात, लोक दार उघडून रस्त्यावर उभे राहतात. मी इथे आलो त्या वर्षी मला काहीच ठाऊक नव्हतं. बसमधून उतरून सगळ्यांबरोबर उभा राहिलो.

आणखी एक शब्द: 'सेलेक्त्सिया', निवड. छावणीत कोण कामाला आणि कोण मरायला, ही निवड. लेवींच्या पुस्तकातही तो पोलिश रूपात आहे. हिब्रूत हा शब्द आज साध्या निवडीसाठी वापरत नाहीत, त्याला दुसरा शब्द आहे. पण नाइट क्लबच्या दारावर रंग-रूप बघून कुणाला आत सोडायचं ठरवतात, त्याला तरुण मुलं हाच शब्द वापरतात. मला ते ऐकवत नाही. माझ्या मुलाला मी तो घरात वापरू देत नाही.

कोरडवाहू

चांगला धागा. एक शंका. मराठीत सगळ्यालाच 'छळछावणी' म्हणतात. ते बरोबर आहे का?

दुसरी_बाराखडी

कोरडवाहू, अर्धं बरोबर. शब्द जुना आणि रुळलेला आहे, तो टाकावा असं मी म्हणणार नाही. पण ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेउझेत्स इथे छळासाठी कुणाला ठेवत नव्हते. गाडीतून उतरलेली माणसं बहुतेक करून त्याच दिवशी मारली जात. त्यांना संहारछावणी म्हणावं. लेवी होते ते मोनोवित्झ. ती ऑशविट्झच्या पसाऱ्यातली सक्तमजुरीची छावणी, आयजी फार्बेन या जर्मन रसायन कंपनीचा 'बुना' नावाचा कृत्रिम रबराचा कारखाना उभारण्यासाठी. हजारो माणसं तिथे राबून मेली आणि त्या कारखान्यातून कृत्रिम रबर एक किलोसुद्धा निघालं नाही. काम करायची ताकद संपली की तिथून ऑशविट्झमधल्याच बिर्केनाउ छावणीच्या गॅसचेंबरला. लेवी स्वतः सगळीकडे 'लागर' लिहितात, म्हणजे नुसती छावणी, तळ. जर्मनमध्ये 'लागर' हा गोदामालाही चालतो. ताई, तुम्हाला नोकरीत 'औषधांचं लागर' ऐकायला मिळेल. दचकू नका.

ग्रंथपाल

उशिरा येतोय. विक्टर क्लेम्पेरर यांचं नाव इथे यायला हवं. ड्रेस्डेनचे फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक, ज्यू. १९३५ मध्ये नोकरीवरून काढलं. पत्नी ज्यू नव्हती, त्यामुळे ते वाचले. बारा वर्षं लपूनछपून रोजनिशी लिहिली, त्यात नाझींच्या भाषेची टिपणं केली आणि १९४७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. शब्द म्हणजे आर्सेनिकचे बारीक डोस, असं ते म्हणतात. गिळताना कळत नाही, विष मागाहून भिनतं. 'फनाटिश' म्हणजे कडवा, धर्मांध. ती शिवी होती, नाझींनी ती शाबासकी केली.

रात्रपाळी यांच्या पेशाशी संबंधित एक: 'बेहान्डलुंग' म्हणजे उपचार. 'झोंडरबेहान्डलुंग' म्हणजे विशेष उपचार, आणि सरकारी कागदांत त्याचा अर्थ ठार मारणं. वॉर्डात पहिला शब्द तुम्हाला दर तासाला लागेल. दुसरा उजव्या पानावर, बहुधा सगळ्यात वर.

निमशहरी

ताई, पोलिश नंबराची गोष्ट वाचून दोन दिवस गप्प होतो. माझा आक्षेप मागे घेतो असं नाही म्हणणार. यादी करण्याबद्दल अजूनही अडखळतो. पण पुस्तक मागवलंय, इंग्रजीतून. वाचल्यावर लिहीन.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी येतेय. पुस्तक संपलं. डावीकडे दोनशे चाळीस शब्द, उजवीकडे एकसष्ट.

शेवटच्या प्रकरणाबद्दल लिहायचंय. १८ जानेवारी १९४५ ला जर्मनांनी चालू शकणाऱ्या सगळ्या कैद्यांना हाकत पश्चिमेकडे नेलं, आणि लेवी स्कार्लेट फीव्हरने का-बेमध्ये पडून होते म्हणून मागे राहिले. रशियन सैन्य २७ ला पोचलं. मधले दहा दिवस पहारा नाही, अन्न नाही, पाणी नाही, बाहेर कडाक्याची थंडी. लेवी आणि दोन फ्रेंच सोबती, आर्थर आणि शार्ल, उठून बाहेर पडतात आणि कुठूनतरी स्टोव्ह आणि बटाटे आणतात. खोली ऊबदार होते तेव्हा बाकीचे आजारी ठरवतात की या तिघांना प्रत्येकाने आपल्या पावातला तुकडा द्यायचा. लेवी म्हणतात, आमच्यातली माणुसकीची ही पहिली खूण. आदल्या दिवसापर्यंत तिथला कायदा होता की आपला पाव खा, आणि जमलं तर शेजाऱ्याचाही.

त्याच खोलीत सतरा वर्षांचा एक डच मुलगा होता. टायफस आणि स्कार्लेट फीव्हर, वर हृदयाचा आजार. एका रात्री तो खालच्या फळीवरून उठायला जातो, पडतो, सगळं अंथरूण आणि जमीन घाण करतो. पाणी नाही, बदलायला काही नाही, अंधार, आणि ती घाण म्हणजे सगळ्या खोलीला टायफसचा धोका. शार्ल, जो शाळेत शिक्षक होता, काही न बोलता खाली उतरतो. लेवी दिवा धरतात. शार्ल गादीचा आणि घोंगडीचा घाण झालेला भाग सुरीने कापून काढतो. मुलाला आईच्या हळुवारपणे उचलतो, गादीतलाच पेंढा काढून त्याला पुसतो, अंथरूण नीट करून परत झोपवतो. पत्र्याच्या तुकड्याने जमीन खरवडतो, थोडं क्लोरामिन (जंतुनाशक) पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडतो, स्वतःच्या अंगावरही.

हे मी किती वेळा केलंय सांगता येत नाही. रात्री तीनला, एकटीने, पडदा ओढून. क्रम तोच: आधी मळलेलं काढायचं, मग माणूस, मग अंथरूण, मग जमीन, शेवटी आपले हात. शार्लला हे कुणी शिकवलं नव्हतं. हा उतारा मी जर्मनमध्ये सहा वेळा वाचला, शब्दकोश बाजूला ठेवून. त्यातला एकही शब्द उजव्या पानावर गेला नाही.

बाराखडीसर, एकच अडलंय. पुस्तकातलं वाक्य मला आजच्या वॉर्डात जसंच्या तसं चालेल का कळत नाही. पेशंटच्या पलंगावर स्वच्छ चादर घालणं याला तिकडच्या नर्स रोजच्या बोलण्यात काय म्हणतात?

दुसरी_बाराखडी

'दास बेट फ्रिश बेत्सीएन.' डाव्या पानावर लिहा.